आधी सिनेमा, मग पुस्तक

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आपल्या गटांत सिनेमा दाखवणं आता सोपं झालं आहे. पूर्वी पडदा, प्रोजेक्टर, वीज आणि ग्रामपंचायतीच्या खोलीची किल्ली एवढं सगळं जमवताना जीव जायचा. आता कुणाच्या तरी घरचा टीव्ही चालतो, नाहीतर मोबाईल. सिनेमा संपतो, डोळे पुसले जातात, अर्धा तास चर्चा होते, चहा येतो आणि बायका घरी जातात. अशा वेळी मी म्हणते, "हा सिनेमा ज्या पुस्तकावरून काढलाय ते आता मिळून वाचू या." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "ताई, गोष्ट तर कळली ना! आता पुस्तक कशाला?"

आज मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. सिनेमाला नावं ठेवून पुस्तकाची आरती ओवाळायला मी उभी राहिलेले नाही. शहरातले वाचक सांगतात की आधी पुस्तक वाचावं, मग सिनेमा पाहावा, नाहीतर गोडी जाते. आपल्या गटांत मी याच्या उलट पाहिलं आहे. आपल्याकडच्या बाईला पुस्तकाच्या दारापर्यंत आणून सोडतो तो सिनेमाच. दाराच्या आत मात्र पुस्तकच नेतं.

आधी सिनेमा का बरा? आपल्या बायका घरात अहिराणी बोलतात. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, साक्री-शिरपूरच्या डोंगरात भिली आणि पावरी आहे. पुस्तक मात्र असतं प्रमाण मराठीत. सातवीत शाळा सुटलेल्या, वीस वर्षांत लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड यांपलीकडे काही न वाचलेल्या बाईसमोर दोनशे पानांचं पुस्तक ठेवलं तर ती त्याला हातच लावत नाही. गोष्ट आधी डोळ्यांनी पाहिलेली असली की निम्मी भीती जाते. कोण कुणाची कोण हे माहीत असतं, नाव आलं की चेहरा समोर येतो, एखादा शब्द अडला तरी वाट चुकत नाही. पुढे काय होणार ही धाकधूक नसल्यामुळे जे होतंय ते का होतंय, याकडे लक्ष जातं.

आणि वाचन म्हणजे प्रत्येकीनं एकटीनं पुस्तक घेऊन बसणं, असंही नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या माणसांनी कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. ऐकणं, लक्षात ठेवणं, त्यात आपलं भर घालून पुढे सांगणं ही आपल्या भागातल्या बायकांची जुनी विद्या आहे. त्यामुळे आमच्या गटात एकजण वाचते आणि बाकीच्या ऐकतात. ऐकताना हात चालू असतात. कुणी धान्य निवडते, कुणी पोराला मांडीवर घेऊन बसते, उन्हाळा असला तर बिबड्या वाळत घालून झालेल्या असतात. नियम एकच. कुणीही, कधीही "थांब" म्हणू शकते. थांब म्हटलं की वाचणारीनं थांबायचं आणि म्हणणारीचं ऐकायचं. सिनेमाला असं थांबवता येत नाही. मोबाईलवर बटण असतं हे खरं, पण दहाजणी मिळून पाहत असताना ते कुणीही दाबत नाही.

हे "थांब" काय करतं ते 'श्यामची आई'वरून सांगते. पुस्तक आपल्या ओळखीचं आहे आणि त्याचं आपल्या भागाशी नातंही आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्याला कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला. वनमालाबाई त्यात आई झाल्या. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. २०२३ साली त्यावर पुन्हा एक चित्रपट आला, त्यामुळे तरुण मुलींनाही गोष्ट ठाऊक असते.

सिनेमा पाहून बायका रडतात. मीही रडते. रडून झाल्यावर हाती काय उरतं? "आई असावी तर अशी." म्हणजे सोसणारी, देणारी, संस्कार करणारी आणि शेवटी झिजून मरणारी. आपण गटात दहा वर्षं ज्या प्रतिमेशी झगडतो, तीच हार घालून भिंतीवर लागते.

मग पुस्तक वाचायला घेतलं. त्यात बेचाळीस रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. पुस्तकाची बांधणीच ऐकण्यासाठी केलेली आहे, त्यामुळे एका बैठकीला एक रात्र बेतशीर होते.

'अळणी भाजी' नावाच्या रात्रीला पहिलं "थांब" आलं. त्या दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, त्यांच्या लक्षात येतं, पण ते बोलत नाहीत. मुलंही बोलत नाहीत. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि ती फार हळहळते. पुस्तकाला यातून सांगायचं आहे ते वडिलांच्या संयमाबद्दल आणि आईच्या मायेबद्दल. आमच्यातली एकजण म्हणाली, "थांब व माय. तिला सगळ्यांत शेवटी का कळलं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ती सगळ्यांत शेवटी जेवली म्हणून. पुस्तकात यावर भाष्य नाही, कारण त्या घरात ते गृहीतच होतं. आमच्या बायकांच्या घरांतही ते गृहीत आहे. त्या दिवशी चर्चा वाढली. शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, भाजी संपली की ती कशाशी भाकरी खाते, तिच्या अंगात रक्त कमी का भरतं. आरोग्य शिबिरात आम्ही हे तक्ते लावून शिकवतो. इथे ते मिठावरून निघालं. पण एक म्हातारी आजी मध्येच म्हणाली, "तुम्ही काही म्हणा, तो माणूस गप्प जेवला. माझ्यानं ताट भिरकावलं असतं." तिच्या लेखी ते न बोलणं हीच मोठी गोष्ट होती. दोन्ही बोलणी खरी होती. कुणी कुणाला खोडून काढलं नाही.

दुसऱ्यांदा थांबलो ते कर्जापाशी. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' असं एका रात्रीचं नावच आहे. पुस्तकात एक प्रसंग येतो. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि बोलता बोलता कर्जापायी बायकोला विकायची भाषा करतो. तेव्हा एरवी घरात वावरणारी आई बाहेर ओटीवर येते आणि त्याला सुनावते. हे वाचून झालं आणि कुणीतरी म्हणालं, "हाई ते मन्हाच घरनी गोट शे." फायनान्सचा हप्ता थकला की वसुलीवाला दारात बसतो, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं बोलतो, गटातल्या बायकांनाच एकमेकींच्या अंगावर घालतो. कपाशी गेली, केळीचा भाव पडला की नवऱ्याचं कर्ज आणि बायकोच्या नावावरचं कर्ज एकाच दारात येऊन उभं राहतं. नवरा शेतात निघून जातो. दारात बोलून घ्यायला बाई असते.

सिनेमातली आई बघून "बिचारी" म्हणणाऱ्या बायकांना पुस्तकातली ही आई भेटली तेव्हा त्या ताठ बसल्या. आम्ही तिथेच रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांबद्दल बोललो. वसुलीसाठी शिवीगाळ किंवा धमकी चालत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करता येत नाही. हे नियम मी आधीही एका प्रशिक्षणात सांगितले होते, ते कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. ओटीवर आलेल्या आईसोबत ते लक्षात राहिले.

'अर्धनारी नटेश्वर' ही रात्र आम्ही मुद्दाम दोनदा वाचली, दुसऱ्यांदा घरातल्या पोरांना बसवून. श्याम आईच्या कामाला हात लावतो. पुरुषानं बाईचे गुण घ्यावेत आणि बाईनं पुरुषाचे, तरच माणूस पुरा होतो, असा विचार त्यात आहे. १९३३ साली तुरुंगात बसलेल्या एका मास्तरांनी हे लिहून ठेवलं. आपल्याकडे मात्र 'श्यामची आई' म्हटलं की मुलांना आज्ञाधारकपणा शिकवायचा आणि मुलींना त्याग. हे पान कुणी काढून दाखवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पुस्तकात सगळं सोनं आहे का? तसं नाही. तिथेही एक "थांब" आलंच. एका तरुण मुलीनं विचारलं, "हे सगळं श्याम सांगतोय. आईला काय वाटत होतं, ते आपल्याला कुठे कळतं?" पुस्तकाच्या नावातसुद्धा ती मुलाच्या नावानं ओळखली जाते. साने गुरुजींच्या आईचं नाव यशोदाबाई होतं. ते किती जणींना माहीत आहे? आपल्या गटात नव्या बाईला आपण पहिल्यांदा तिचं नाव विचारतो, अमक्याची आई किंवा तमक्याची बायको म्हणून तिची नोंद करत नाही. तोच प्रश्न पुस्तकालाही विचारता येतो. पुस्तक वाचायचं म्हणजे त्याच्या पाया पडायचं असं नाही.

नावांवरून एक गंमत सांगते. सिनेमा पाहून त्याचं मूळ पुस्तक शोधायला निघालात तर सिनेमाच्या नावानं ते बऱ्याचदा मिळत नाही. ग्रंथपालाला मूळ नाव सांगावं लागतं. ही नावं एकाखाली एक लिहून पाहा.

प्रभातचा १९३७ चा 'कुंकू' आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटेंनी ती उभी केली. मूळ कादंबरी नारायण हरी आपट्यांची, तिचं नाव 'न पटणारी गोष्ट'. 'भूमिका' हा श्याम बेनेगलांचा १९७७ चा हिंदी चित्रपट, तो हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा. ते पुस्तक कादंबरी नाही, त्यांचं आत्मकथन आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाचं शब्दांकन अरुण साधूंनी केलं. नाव 'सांगत्ये ऐका'. आणि जब्बार पटेलांचा १९८२ चा 'उंबरठा'. मूळ कादंबरी शांता निसळांची, नाव 'बेघर'.

पाहा, काय झालं. 'न पटणारी गोष्ट' हा नकार आहे. त्याचं 'कुंकू' झालं, म्हणजे बाईच्या कपाळावरची खूण. 'सांगत्ये ऐका' यात बाई स्वतः बोलते आहे, समोरच्याला ऐकायला लावते आहे. त्याचं 'भूमिका' झालं, म्हणजे तिनं वठवायचं सोंग. सिनेमावाल्यांनी हे वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. तिन्ही चित्रपट बाईच्या बाजूनं उभे राहणारे आहेत. सिनेमाला थिएटरवर लावायचं नाव लागतं, 'न पटणारी गोष्ट' बघायला कोण तिकीट काढणार! पण आपल्याला एवढं कळलं पाहिजे की एकाच बाईची गोष्ट दोघांनी दोन नावांनी सांगितली, आणि नाव बदललं की आपली नजर कुठे जाते तेही बदलतं.

'उंबरठा'वर मी थोडी जास्त बोलणार आहे. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या आम्हा मुलींना हा सिनेमा पाठ असतो. आणि स्मिता पाटील आपल्याकडची, तिचं घराणं शिरपूरचं. 'भूमिका' आणि 'उंबरठा' दोन्ही तिचेच. १९८६ साली ती गेली तेव्हा अवघी ३१ वर्षांची होती. 'उंबरठा'तली सुलभा नवरा आणि मुलगी यांना घरी ठेवून परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते. आश्रमातल्या बायकांची दुःखं, कमिटीतल्या लोकांचे हितसंबंध, शेवटी चौकशी आणि राजीनामा. ती घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा निघते. सिनेमा संपतो.

हा शेवट बघून पूर्वी शिबिरात टाळ्या पडायच्या, आजही पडतात. बाईनं उंबरठा ओलांडला! टाळ्या योग्यच आहेत. पण मूळ कादंबरीचं नाव ऐकलं की टाळीचा हात मध्येच थबकतो. बेघर. उंबरठा ओलांडणं एका क्षणाचं असतं. बेघर होणं दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं. आपल्या केंद्रात जी बाई येते ती त्या दुसऱ्या दिवशी येते. कडेवर पोर, हातात पिशवी, आधारकार्ड सासरी, शाळेचा दाखला सासरी. माहेरी भाऊ म्हणतो, दोन दिवस राहा. आश्रमातल्या बायका आणि त्यांना सांभाळायला आलेली बाई यांच्यात फरक तो केवढा, हा प्रश्न त्या एका शब्दात आहे.

हे नाव फळ्यावर लिहून आम्ही बायकांना विचारलं, घर कुणाचं? मग कायद्यावर आलो. सुलभाच्या वेळी नसलेली एक गोष्ट आज आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, ज्या घरात बाई नांदली तिथे राहण्याचा हक्क तो कायदा तिला देतो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. म्हणजे उंबरठा ओलांडून जाण्याइतकाच त्याच्या आत ठाम बसून राहण्याचाही हक्क आहे. कोणता वापरायचा ते तिनं ठरवायचं. हे 'उंबरठा' या एका नावावरून सुचलं नसतं, 'बेघर' शेजारी ठेवल्यावर सुचलं.

शेवटांबद्दलही बोलायला हवं. २००९ चा 'जोगवा' आमच्या गटात खूप चालला. देवीला सोडलेली सुली आणि साडी नेसवलेला तायप्पा. हा चित्रपट राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन वेगळ्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची एक कथा यांवर बेतलेला आहे. पुस्तकांत जोगतिणीची कहाणी एका कादंबरीत आहे आणि जोगत्याची दुसरीत. पडद्यावर त्यांना एकत्र आणलं आणि बाहेर पडायची वाट दाखवली. हे कळल्यावर तरुण मुली म्हणाल्या, "बरंच केलं. नाहीतर किती अंधार!" मोठ्या बायकांना ते पटलं नाही. एक म्हणाली, "ज्यांना बाहेर पडता आलं नाही, त्यांची गोष्ट मग कुणी सांगायची?" आपल्याला दोन्ही लागतं. वाट असते हे कळायला सिनेमाचा शेवट लागतो. बहुतेकींना ती का सापडत नाही, हे कळायला पुस्तक लागतं. कार्यकर्ती म्हणून मला तर दुसऱ्याची गरज जास्त वाटते, कारण काम तिथेच असतं.

आता अडचणी. पहिली अडचण वेळेची. निंदणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वाचन होत नाही, ते मान्य करून टाकायचं. उरलेल्या महिन्यांत आठवड्याला एक तास. हा तास मिळवणं हीच अर्धी लढाई आहे. बाई सिनेमाला बसली तर घरचे चालवून घेतात, करमणूक म्हणतात. पुस्तक घेऊन बसली की विचारतात, "आता काय वकील व्हायचंय का?" हे विचारणाऱ्यांना कळलेलं असतं की इथे काहीतरी वेगळं चाललंय.

दुसरी अडचण पुस्तकांची. जळगावात व. वा. जिल्हा वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. गावोगावी १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं आहेत. तिथे सकाळी पुरुष पेपर वाचतात. बाईनं आत जायचं म्हणजे तेही एक धाडस. एकटीनं जाऊ नका, पाचजणी जा, गटाच्या नावानं पुस्तक मागा, नसेल तर लेखी मागणी द्या. साने गुरुजींच्या पुस्तकांवर २०११ पासून स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे 'श्यामची आई' स्वस्तात मिळतं. बचतीच्या पैशातून एक प्रत सहज येते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यापुढे ज्या गटात सिनेमा दाखवाल, त्या सिनेमाचं मूळ पुस्तक आधी मिळवून ठेवा. सिनेमा झाला की चहाच्या आधी पहिली चार पानं वाचा. सगळं पुस्तक झालं पाहिजे असा हट्ट नको. कुणाला वाचताना अडखळायला झालं तर हसू नका, अहिराणीत समजावून सांगितलं तर आणखी बरं. आणि "थांब" हा नियम पाळा. ज्या बाईला घरात, बाजारात, वसुलीवाल्यासमोर आजवर थांब म्हणता आलेलं नाही, तिला तो शब्द आधी पुस्तकासमोर म्हणू द्या. पुस्तक उलटून बोलत नाही, हात उगारत नाही. तिथे सवय झाली की तो शब्द ती बाहेरही नेईल. काहीजणी न्यायलाही लागल्या आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं एका पुस्तकाचं नाव आणावं, आणि कुठल्या पानावर कोण "थांब" म्हणालं, ते लिहून आणावं. एवढं बोलून मी थांबते.